पासबुकातील दंड आणि त्याचा परतावा

बचत खात्याच्या पासबुकात दोन प्रकारच्या वजावटी आढळतात. एक खातेदाराने स्वतः काढलेल्या पैशांची. ती त्याच्या लक्षात असते. दुसरी बँकेने आपल्या हाताने केलेली. तिच्यापुढे चारदोन अक्षरांचे एखादे संक्षिप्त नाव असते, रक्कम लहान असते आणि ती कशापोटी गेली हे विचारण्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून बँकेत जाणे बहुतेकांना परवडत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या वजावटीचा विचार येथे करावयाचा आहे. ती वाजवी केव्हा, अवाजवी केव्हा आणि अवाजवी असल्यास परत कोणत्या आधारावर मागावयाची, हे प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु संसदेत दिल्या गेलेल्या माहितीनुसार २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी केवळ किमान शिल्लक न राखल्याबद्दल खातेदारांकडून सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केले. ज्यांच्या खात्यात पैसे कमी होते त्यांच्याकडूनच हे पैसे आले, ही गोष्ट श्रोत्यांनी सुरुवातीसच ध्यानात घ्यावी.

बँक जे आकार घेते त्यांत किंमत आणि दंड असे दोन भेद करावे लागतात. लॉकरचे भाडे किंवा धनाकर्ष काढून देण्याचा आकार ही किंमत होय. खातेदाराला सेवा हवी होती, तिचा दर त्याला ठाऊक होता, त्याने ती घेतली. दर चढा वाटला तर त्याने दुसरीकडे जावे. याउलट खात्यातील शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली, धनादेश वटला नाही, कर्जाचा हप्ता चुकला, अशा प्रसंगी घेतला जाणारा आकार हा दंड होय. येथे खातेदाराने काही विकत घेतलेले नसते; त्याच्या हातून करारातील एक अट मोडलेली असते. किमतीविषयी विचारावयाचा प्रश्न ‘हे आधी ठरले होते काय?’ असा असतो. दंडाविषयीचा प्रश्न वेगळा असतो: अट मोडल्यामुळे बँकेचे नुकसान किती झाले?

हा दुसरा प्रश्न भारतीय कायद्याला नवा नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम ७४ याच प्रश्नासाठी आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे करारातच लिहिलेले असले, तरी तक्रार करणाऱ्या पक्षास ती संपूर्ण रक्कम आपोआप मिळत नाही. त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. कराराने लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा होय, हक्काची रक्कम नव्हे. या कलमासोबत जी उदाहरणे छापलेली आहेत त्यांतील एक आजच्या कर्जदारालाही परिचित वाटावे असे आहे. एक हजार रुपये शेकडा बारा व्याजाने घेतले. सहा महिन्यांनी परतफेड न झाल्यास शेकडा पंचाहत्तर दराने व्याज द्यावे असे रोख्यात लिहिले. अधिनियम म्हणतो की ही अट दंडस्वरूप आहे आणि सावकाराला न्यायालयास वाजवी वाटेल एवढीच भरपाई मागता येईल. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या प्रकरणात या कलमाचा अर्थ स्पष्ट केला, तर २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात असेही सांगितले की जेथे नुकसानच झालेले नाही तेथे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

कायदा इतका स्पष्ट असताना अडचण कोठे येते? अडचण अशी की बँक हा इतर धनकोंसारखा धनको नाही. कापडाच्या व्यापाऱ्याला दंड वसूल करावयाचा असेल तर त्याला न्यायालयात जावे लागते आणि तेथे न्यायाधीश त्याला नुकसानाचा हिशेब विचारतो. बँकेजवळ खातेदाराचे पैसे आधीच असतात. ती दंड ठरवते, तीच तो वसूल करते आणि नोंदही तीच लिहिते. न्यायालयात जाण्याचा भार मग खातेदारावर पडतो. तीनशे रुपयांसाठी दावा लावणारा माणूस विरळाच. कलम ७४ चे संरक्षण कागदावर अबाधित राहते आणि रक्कम खात्यातून निघून जाते.

हे दावे हजारोंच्या संख्येने लावले गेले तर काय होते, याचा अनुभव ब्रिटनने घेतला आहे. तेथे चालू खात्यात पुरेसे पैसे नसताना धनादेश दिला किंवा परस्पर भरणा ठरलेल्या तारखेस आला की बँका एकेका नोंदीमागे तीसपस्तीस पौंड आकारीत. २००६ च्या एप्रिलमध्ये तेथील फेअर ट्रेडिंग कार्यालयाने क्रेडिट कार्डांच्या दंडाविषयी मत दिले की १२ पौंडांहून अधिक दंड सामान्यतः अवाजवी समजला जाईल. त्यापासून स्फूर्ती घेऊन सामान्य खातेदारांनी आपापल्या बँकांस पत्रे लिहावयास आरंभ केला. पत्राचा आशय साधा असे. गेल्या सहा वर्षांत एवढा दंड घेतला. त्या त्या प्रसंगी बँकेस आलेला खर्च दाखवावा, अन्यथा रक्कम परत करावी. सहा वर्षे एवढ्यासाठी की तेथील मुदतीच्या कायद्याने कराराच्या दाव्याला तेवढीच मुदत दिली आहे. उत्तर न आल्यास खातेदार लहान दाव्यांच्या न्यायालयात अर्ज करीत आणि पुष्कळ प्रकरणांत सुनावणीच्या आधी बँक पैसे परत देऊन मोकळी होई. एक धनादेश परत पाठवण्यास खरोखर किती खर्च येतो, हा हिशेब उघड न्यायालयात मांडण्याची बँकांची तयारी दिसत नव्हती.

पुढे मात्र पारडे फिरले. २००७ च्या जुलैमध्ये फेअर ट्रेडिंग कार्यालय आणि प्रमुख बँका यांच्यात एक कसोटीचा दावा उभा राहिला. बँकांचे म्हणणे मोठे चतुर होते. खात्यात पैसे नसताना धनादेश देणे हा करारभंग नव्हेच, असे त्यांनी मांडले. ती तात्पुरती उचल मिळावी म्हणून केलेली विनंती होय आणि त्या विनंतीचा विचार करण्याची ही किंमत आहे. विनंती नाकारली तरी विचार करण्याचे श्रम झालेच! करारभंग नाही म्हणजे दंडाचा नियमही लागू नाही, हे उच्च न्यायालयाने २००८ साली बव्हंशी मान्य केले. तथापि ग्राहक करारांच्या नियमांखाली हे आकार न्याय्य आहेत काय याची तपासणी करता येईल, असेही त्याने म्हटले. अपील न्यायालयाने तेच कायम केले. शेवटी २५ नोव्हेंबर २००९ रोजी ब्रिटनच्या नव्यानेच स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय फिरवला. हे आकार खात्याच्या एकत्रित सेवेच्या किमतीचा भाग आहेत आणि किंमत योग्य आहे की नाही हे त्या नियमांखाली तपासता येत नाही, असे ठरले. बँकांच्या चालू खात्यांवरील उत्पन्नापैकी तीस टक्क्यांहून अधिक भाग या आकारांतून येत होता, ही गोष्ट त्याच खटल्यात पुढे आली. इतरांना खाते विनाशुल्क वापरता यावे म्हणून ज्यांच्या खात्यात पैसे संपत त्यांनी हा भार वाहावा, अशी ती रचना होती. न्यायालयाने ती न्याय्य ठरवली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्या वाटेने तिची तपासणी होऊ शकत नाही, एवढाच निर्णय होता. तपासणी पुढे नियामकाने केली. २०२० च्या एप्रिलपासून आर्थिक आचार प्राधिकरणाने पूर्वसंमतीवाचून झालेल्या उचलीवरील ठोक आकार बंद केले आणि अशा उचलीसाठी संमत उचलीपेक्षा अधिक दर लावण्यास मनाई केली.

या कथेतून भारतीय खातेदाराने घ्यावयाची गोष्ट एकच. दंडाला किंमत म्हटले की खर्चाचा हिशेब विचारण्याचा हक्क हातून सुटतो. ब्रिटनमधील खातेदारांचा दावा त्यांची गरज खोटी होती म्हणून हरला नाही. तो एका नावापाशी हरला.

भारतात हे नाव बँकांच्या स्वाधीन राहिलेले नाही. किमान शिल्लक न राखल्याबद्दलच्या आकारास रिझर्व्ह बँकेने आपल्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकात दंडात्मक आकार असेच म्हटले आहे. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या त्या परिपत्रकातील अटी प्रत्येक खातेदाराने वाचाव्यात अशा आहेत. शिल्लक कमी झाल्याबरोबर दंड लावावयाचा नाही. प्रथम संदेशाने, ई-मेलने किंवा पत्राने खातेदारास कळवावयाचे, की एका महिन्यात शिल्लक पूर्ववत न केल्यास दंड लागेल. दंड हा तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे; म्हणजे ठरलेली शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक यांतील फरकावर ठराविक टक्के. तो सेवेच्या सरासरी खर्चाशी सुसंगत हवा. आणि केवळ या दंडामुळे खाते उणे रकमेत जाता कामा नये.

या अटींतील प्रमाणाची अट विशेष महत्त्वाची आहे. समजा, एखाद्या खात्यात तीन हजार रुपये ठेवावयाचे ठरले आहे आणि महिन्याची सरासरी शिल्लक दोन हजार नऊशे भरली. तूट शंभर रुपयांची. दंडाचा दर तुटीच्या शेकडा सहा असेल तर सहा रुपये जातील. त्याऐवजी बँकेने दीडशे रुपयांचा ठोक दंड घेतला तर तुटीपेक्षा दंड दीडपट झाला. असा दंड परत मागताना खातेदारास आपली गरिबी सांगत बसण्याचे कारण नाही. तुटीचे आणि दंडाचे गणित मांडले की पुरे.

उणे शिल्लकेच्या अटीमागेही एक जुनी व्यथा आहे. परगावी काम लागले असताना पगारासाठी उघडलेले खाते माणूस गाव सोडताना तसेच मागे ठेवून जातो. पगार बंद होतो, खात्याचा प्रकार बदलतो, किमान शिल्लकेची अट लागू होते आणि दंडावर दंड चढत राहतो. काही वर्षांनी तो खाते बंद करावयास जातो तेव्हा बँकच त्याच्याकडे पैसे मागते. २०१४ च्या परिपत्रकानुसार अशी मागणी करता येत नाही. शिवाय दोन वर्षे खातेदाराने व्यवहार न केल्यामुळे निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावावयाचा नाही आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठीही आकार घ्यावयाचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी काढलेल्या आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून अमलात आलेल्या निर्देशांत सांगितले.

नियम असले म्हणजे बोजा हलका होतोच असे नाही. भारतीय स्टेट बँकेने २०१७ च्या एप्रिलपासून किमान शिल्लकेचा दंड पुन्हा सुरू केला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत तिची वसुली सुमारे १,७७१ कोटी रुपये झाली. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील बँकेच्या नफ्याहून ही रक्कम मोठी होती. ती प्रसिद्ध होताच टीका झाली, १ एप्रिल २०१८ पासून दंडाचे दर मोठ्या प्रमाणावर खाली आले आणि मार्च २०२० मध्ये बँकेने ही अटच काढून टाकली.

परताव्याच्या दृष्टीने सर्वांत उद्‌बोधक प्रकरण मात्र किमान शिल्लकेचे नाही. ते मूलभूत बचत खात्यांचे आहे. ज्यांना शिल्लक ठेवणे शक्य नाही अशांसाठीच ही खाती निर्माण झाली आणि २०१४ नंतर जनधन योजनेखाली ती कोट्यवधी लोकांनी उघडली. या खात्यांतून महिन्यात चारापर्यंत वेळा पैसे काढणे विनाशुल्क होते. स्टेट बँकेने चारनंतरच्या प्रत्येक नोंदीवर, मग ती रोख काढल्याची असो वा रुपे कार्डाने किंवा यूपीआयने केलेल्या भरण्याची असो, आकार लावला. वस्तू व सेवा करासह तो १७ रुपये ७० पैसे होई. वीस रुपयांची भाजी मोबाइलवरून पैसे देऊन घेतली तरी आकार तोच! मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी या आकारांचा चिकाटीने अभ्यास केला. त्यांच्या अहवालानुसार एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात अशा किमान १४ कोटी डिजिटल व्यवहारांवर २५४ कोटींहून अधिक रुपये घेतले गेले. पूर्वसूचना देऊन आणि नियमांस धरूनच आकारणी केली, अशी बँकेची बाजू होती.

यांपैकी काही पैसे परत आले, पण ते खातेदारांच्या अर्जांमुळे नव्हे. रुपे कार्ड आणि यूपीआय यांच्या भरण्यावर १ जानेवारी २०२० पासून कोणताही आकार घेता येणार नाही अशी तरतूद कायद्यात झाली होती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० ऑगस्ट २०२० च्या परिपत्रकाने बँकांस सांगितले की त्या तारखेनंतर घेतलेले आकार ताबडतोब परत करावेत. दास यांच्या अहवालाप्रमाणे स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी रुपये परत केले. त्या तारखेच्या आधीचे सुमारे १६४ कोटी तसेच राहिले. खातेदार तेच, आकार तोच, व्यवहारही तसलेच. फरक तारखेचा. ज्या तारखेपासून नियम निःसंदिग्ध होता तेथपासूनचे पैसे आपोआप खात्यात जमा झाले. त्यापूर्वीच्या काळाबद्दल वाद राहिला आणि वाद घालण्याचे बळ ज्यांच्यापाशी सर्वांत कमी, त्यांच्याच वाट्याला तो आला.

कर्जाच्या दंडाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. हप्ता चुकल्यास बँका व्याजाचा दर वाढवीत आणि वाढीव व्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज धरीत. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज ही पद्धतच बंद केली. दंड घ्यावयाचा तर तो वेगळा आकार म्हणून, चुकीच्या प्रमाणात आणि त्यावर व्याज न चढवता. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. क्रेडिट कार्डांस तो लागू केलेला नाही. पुढे २८ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले की या दंडात्मक आकारावर वस्तू व सेवा कर लागत नाही, कारण तो कोणत्याही सेवेचा मोबदला नाही. किंमत आणि दंड यांतला भेद असा करखात्यानेही मानला. त्यानंतरच्या कर्जखात्यात दंडापुढे कराची नोंद दिसली तर ती विचारण्याजोगी होय.

आता मागणी कशी करावी? प्रथम खात्याचा उतारा घ्यावा आणि त्यातील प्रत्येक आकाराची तारीख, रक्कम आणि बँकेने दिलेले नाव वेगळ्या कागदावर उतरवावे. ज्या तारखेस आकार घेतला त्या वेळचे बँकेचे दरपत्रक मिळवावे. मग शाखेस लेखी पत्र द्यावे आणि त्यात दया मागू नये, हिशेब मागावा. पूर्वसूचना कोणत्या तारखेस दिली? तूट किती होती आणि तिच्यावर कोणता दर लावला? पत्राची पोच जपून ठेवावी, कारण पुढील सर्व मुदती तिच्यावरून मोजल्या जातात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेने घालून दिलेला क्रम असा होता: आधी बँकेकडे तक्रार, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे अर्ज, अर्जाला फी नाही आणि वकिलाचीही आवश्यकता नाही. मूळ तक्रार मात्र मुदतीच्या कायद्यातील काळ, म्हणजे सामान्यतः तीन वर्षे, उलटण्यापूर्वी बँकेकडे पोचलेली असली पाहिजे.

येथे पुष्कळ अर्ज फसतात आणि ते ज्या कारणाने फसतात ते नीट पाहिले पाहिजे. ‘दंड फार आहे’ असे लिहिलेला अर्ज लोकपाल बाजूस ठेवू शकतो, कारण दर ठरवणे हा बँकेचा व्यापारी निर्णय समजला जातो आणि अशा निर्णयाविरुद्धची तक्रार योजनेने वगळलेली होती. ‘एक महिन्याची सूचना न देता दंड घेतला’, ‘दंडामुळे खाते उणे झाले’, ‘दंड तुटीच्या प्रमाणात नाही’ असे लिहिलेला अर्ज मात्र सेवेतील उणिवेचा ठरतो आणि त्याचा विचार करावाच लागतो. रक्कम तीच, तक्रार करणाराही तोच. पण पहिल्या अर्जात त्याने आकाराला किंमत मानले आणि दुसऱ्यात दंड. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणे तेथे दोन वर्षांची मुदत असते आणि लहान प्रकरणांस फी पडत नाही. कलम ७४ चा मूळ प्रश्न, म्हणजे बँकेचे नुकसान किती झाले हा प्रश्न, तेथे मोकळेपणाने मांडता येतो.

सगळेच आकार परत मिळण्याजोगे नसतात, हेही सांगितले पाहिजे. सूचना मिळाली, महिना गेला, तूट तशीच राहिली आणि दंड प्रमाणात लागला, तर ती नोंद योग्य होय. अशा नोंदी मागणीत मिसळल्या तर खऱ्या नोंदींचे वजन कमी होते आणि बँकेस एका योग्य आकाराकडे बोट दाखवून दहा अयोग्य आकार झाकता येतात.

२०२५ साली सार्वजनिक क्षेत्रातील अनेक बँकांनी बचत खात्यांवरील किमान शिल्लकेचा दंड सोडून दिला. कॅनरा बँकेने १ जूनपासून, पंजाब नॅशनल बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनी १ जुलैपासून, इंडियन बँकेने ७ जुलैपासून. हे निर्णय पुढच्या काळासाठी झाले. मागे घेतलेल्या दंडाबद्दल त्यांत काही नाही, आणि त्या दंडाच्या प्रत्येक नोंदीची मुदत तिच्या स्वतःच्या तारखेपासून मोजली जाते.